अंबाडीचा गार चहा: धुऱ्यापासून ग्लासापर्यंतच्या नोंदी

२२ डिसेंबर २०२४

तुरीच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, लाल अंबाडीची बोंडं आज काढायला घेतली. दरवर्षी कडेने एक ओळ पडतेच. पानं भाजीला, काड्या भिजत घालून वाख काढायला. पूर्वी पोळ्याला बैलांचे दोर त्याच वाखाचे वळायचे. आता नायलॉन आलं आणि काडी चुलीत जाते. बोंडं थोडी चटणीला लागतात, बाकीची झाडावरच वाळतात. या वर्षी ती सगळी घरात आणायची ठरवली आहे.

काय करायचं ते आधी लिहून ठेवते. उन्हाळ्यात गार प्यायचा, फळाच्या चवीचा, चहापत्ती आणि दूध नसलेला चहा. आमच्याकडे मे महिन्यातही दुपारी दुधाचा चहा उकळतोच, आणि संध्याकाळी सगळे छातीत जळजळतं म्हणून बसतात. पोरांना बाटलीतलं रंगीत पाणी हवं असतं. दोन्ही गटांनी आपणहून मागून प्यावं असं काहीतरी हवं. बर्फ घातल्यावर चव पातळ व्हायला नको आणि बहुतेक सामान घरचं किंवा नातेवाइकांच्या शेतातलं हवं.

शहरात पाकिटात जो लाल हर्बल चहा मिळतो तो याच लाल अंबाडीच्या बोंडांचा. पाकिटावर पुष्कळदा जास्वंदीचं फूल छापतात, आत मात्र अंबाडी असते; दोन्ही एकाच कुळातल्या. इजिप्त-सुदानमध्ये याला करकदे म्हणतात आणि लग्नाकार्यात पाजतात. सेनेगलमध्ये बिसाप. मेक्सिकोत मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत भरून रस्त्यावर विकतात. आपण कण्यांसोबत भाजी खाऊन मोकळे झालो.

आत्याबाईंनी बोंडांची टोपली पाहून विचारलं, "अंबाडीचा चहा? मंग कण्या कायच्या संग खाच्या?" त्यांना सांगितलं, भाजी पानांची, चहा बोंडांचा, भांडण नाही.

२३ डिसेंबर

बोंडं सोलणं हे खरं काम. फूल पिवळसर असतं, एका दिवसात मिटून जातं. त्याच्या बुडाशी राहिलेली लाल, मांसल दलं आपल्याला हवीत. बुडाशी सुरीने गोल काप द्यायचा आणि आतलं हिरवं बी-बोंड अंगठ्याने ढकलून बाहेर काढायचं. कोवळं असेल तर सहज निघतं. बी टणक झालं की दलंही चामट होतात आणि कमी रंग सोडतात. आतल्या बोंडाची लव हाताला टोचते, म्हणून हाताला तेल लावून बसलो. जाऊबाई, मी आणि धाकटी पोरगी. पोरगी अर्धी बोंडं मीठ लावून खात होती.

जून बी वेगळं ठेवलं, पेरणीला.

३० डिसेंबर

दलं वाळली. पहिला दिवस उन्हात, मग माळवदाखाली सुती कापडावर, वरून पातळ ओढणी. सगळे दिवस उन्हातच ठेवलेला एक छोटा वाटा विटकरी पडला, सावलीतला गडद राहिला. दाबल्यावर वाकायला नको, कुरकुर मोडायला हवं, तोवर डब्यात भरायचं नाही.

दोन किलो बोंडं सोलून वाळवली तर सव्वाशे ग्रॅमही भरली नाहीत. पाकीट महाग का असतं ते हात दुखल्यावर कळतं.

१२ जानेवारी २०२५

पहिलं पाणी. हलकं करून पाहिलं: एक लिटर पाण्याला पाच ग्रॅम वाळलेली दलं, पाणी उकळून गॅस बंद, दलं टाकून झाकण. सात मिनिटांनी गाळलं.

रंग लाल आलाच नाही. वांग्याच्या सालीचा, आणि तोही मळका. आंबटपणा जेमतेम. मामाजींनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "हे शाईचं पानी हाय काय वो?"

पाणी बोअरचं होतं. आमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाण्याचा हा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरं चढतं. तेच पाणी या चहातही बोलतंय असा संशय आहे. उद्या तीन पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहते.

१३ जानेवारी

ओट्यावर काचेचे ग्लास मांडले. सगळ्यांत तेवढीच दलं, तेवढंच गरम पाणी, तेवढाच वेळ. एकात बोअरचं, एकात शहानूर धरणाचं नळाचं, एकात गावातल्या आरओच्या कॅनचं. शिवाय एका ग्लासात बोअरच्या पाण्यात नंतर लिंबाचे थेंब आणि एकात चिमूटभर खायचा सोडा.

आरओचं पाणी: माणकासारखं स्वच्छ लाल, आंबट चांगलं. नळाचं: लालच, पण किंचित गडद आणि मऊ. बोअरचं: कालच्यासारखं जांभळट. बोअरच्या ग्लासात लिंबू पडलं की डोळ्यांदेखत जांभळा रंग उडून लाल झाला. पोरं ओरडली. सोडा पडलेला ग्लास आधी निळसर आणि मग हिरवट काळा. तो कोणी प्यायला नाही.

कारण असं. अंबाडीचा रंग अँथोसायनिनचा. हा रंग आंबटात लाल असतो, आंबटपणा मरत गेला की जांभळा, आणि अल्कलीत निळा-हिरवा. आमच्या बोअरच्या पाण्यात मिठाबरोबर बायकार्बोनेटही (खायच्या सोड्यात असतं तेच) भरपूर. बोंडातलं आम्ल त्या बायकार्बोनेटशी झटापट करण्यातच खर्ची पडतं. म्हणून रंगही गेला आणि चवही. हीच दलं दुप्पट घातली तर बोअरच्या पाण्यातही लाल उतरतं, तेही संध्याकाळी करून पाहिलं. पण मागून येणारी खारट चव काही केल्या जात नाही. लिंबू रंग आणतं, मीठ काढत नाही.

निकाल: चहाला नळाचं पाणी. ते रोज येत नाही, म्हणून येईल त्या दिवशी पिण्याच्या पिंपातून पाच लिटरचा स्टीलचा डबा वेगळा भरून ठेवायचा. कॅनचं पाणी पाहुण्यांना दाखवायचा रंग हवा असेल तेव्हा.

खारपाणपट्ट्यात, किंवा नुसत्या जड पाण्याच्या गावात कोणी हे करणार असेल, तर आधी पाणी बदलून पाहा. पुदिना, आलं, मध सगळं नंतर.

१४ जानेवारी

संक्रांत. काही केलं नाही. तिळाचे लाडू खाल्ल्यावर आंबट चहा बरा लागतो, एवढं मात्र लक्षात आलं.

२ फेब्रुवारी

गवती चहा मोरीच्या पाण्यावर माजलाय, म्हणून आज त्याची पाळी. नुसती अंबाडी सपाट लागते: आंबट, थोडी तुरट, वास जवळजवळ नाही. नाकाला काहीतरी द्यावं लागतं.

सगळा पाला एकदम उकळायची आपल्याला सवय आहे, कारण आपला चहा तसाच होतो. इथे ते चालत नाही. गवती चहाचे खालचे पांढरे देठ खलबत्त्यात ठेचून झाकण ठेवून पाचेक मिनिटं मंद उकळले तर वास पाण्यात उतरतो. त्याची हिरवी पात तेवढी उकळली की वैरणीचा वास मारते. आलं देठांबरोबरच, ठेचून. गॅस बंद केल्यावर अंबाडी. पुदिना आणि तुळस सगळ्यात शेवटी, पाणी हाताला सोसेल इतपत निवल्यावर; उकळत्या पाण्यात पुदिना काळा पडतो आणि त्याचा सुगंध वाफेबरोबर सगळ्या घराला मिळतो, ग्लासाला नाही. झाकणावर जमलेलं पाणी परत पातेल्यातच झटकायचं, वास त्याच्यात असतो.

भांडं स्टीलचं. आत्याबाईंचं पितळी पातेलं मला फार आवडतं, पण त्याची कल्हई उडाली आहे, आणि आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत करायचा नसतो हे त्यांनीच मला शिकवलेलं. अॅल्युमिनियमही नको.

तुळस मला स्वतःला नाही आवडली यात. काढा होतो. सर्दी झाल्यासारखं वाटतं.

१६ फेब्रुवारी

वरूडहून नणंदबाईंनी मृगाची संत्री पाठवली. अर्धं पोतं. आता खरा फळाचा चहा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडच्या संत्र्याला दोन बहार. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं दिवाळीच्या आगेमागे. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला, फळं फेब्रुवारीपासून पुढे. मृगाचं फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतं, म्हणून या कामाला तेच.

गरम अर्कात रस ओतला आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला. संध्याकाळी कडू. नुसता कडवट नाही, घशात राहणारा कडू. नणंदबाईंना फोन केला तर त्या हसल्या: "रस काढून ठेवतेत काय कोनी! पिऊन घ्याचा असते." बगीचेवाल्यांना हे ठाऊकच असतं.

संत्र्याच्या फोडीच्या पडद्यांत आणि बियांत एक पदार्थ असतो, जो अख्ख्या फळात कडू नसतो. फळ पिळलं, पडदे फाटले की रसाच्या आंबटपणात त्याचं हळूहळू लिमोनिन तयार होतं, आणि लिमोनिन कडूजहर. उष्णता मिळाली की हे आणखी लवकर घडतं. ताजा रस गोड आणि तासाभरात कडवट, हे त्यामुळे. अंबाडीचा आंबट, गरम अर्क म्हणजे या सगळ्याला आयतं निमंत्रण. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बिया आहेत तिथेच आहेत.

म्हणून नियम: फोडी सोलून बिया काढायच्या, हाताने किंवा गाळणीवर दाबून रस काढायचा, मिक्सर अजिबात नाही. रस तापवायचा नाही. अर्क गार झाल्यावर, प्यायच्या वेळी, ग्लासातच घालायचा. तीन भाग अर्क, एक भाग रस.

असा केला आणि पहिल्यांदा घरात कोणी दुसरा ग्लास मागितला. ह्यांनी. शेतातून आले होते, बोलले काही नाहीत, नुसता ग्लास पुढे केला.

१८ फेब्रुवारी

साली फेकायच्या नाहीत. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडायचा, तो कडू. वरची नारिंगी साल पातळ चिरून सावलीत वाळवली. तेल तिच्यातच असतं, वाकवली की फवारा उडतो. संत्री एप्रिलनंतर मिळणार नाहीत, तेव्हा वास या सालींतून घ्यायचा. लिटरला दोन-तीन पट्ट्या बस. मूठभर घातल्या तर औषधाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं.

८ मार्च

गार पाण्यात रात्रभर मुरवून पाहिला. उकळून गार केलेलं पाणी, लिटरला पंधरा ग्रॅम दलं, गवती चहाचे ठेचलेले देठ, संत्र्याची साल. फ्रिजमध्ये दहा तास.

चव निःसंशय याची चांगली. गरम पाण्यात दलं जास्त वेळ राहिली की तुरटपणा उतरतो आणि जीभ कोरडी पडते. गार पाण्यात ते फार कमी. फळासारखा लागतो, चहासारखा नाही. गोडही कमी घालावं लागलं.

तरी रोजच्यासाठी गरमच करणार. दलं ओसरीत वाळलेली, वाऱ्यावरची धूळ, माश्या. त्यांना उकळतं पाणी लागलेलं बरं. त्यात रात्री वीज गेली की फ्रिज सकाळपर्यंत कोमट. मधला मार्ग असा काढला आहे: दलांवर आधी बुडेल इतकं उकळतं पाणी, दोन मिनिटं झाकण, मग वरून गार पाणी आणि फ्रिज. गार मुरवणीची बरीचशी चव राहते आणि मन निवांत राहतं.

१४ मार्च

धुळवड. पोरांनी सोडा आणि अंबाडीचं पाणी घेऊन रंग केला. अंबाडीचा डबा वरच्या फळीवर हलवला.

२२ मार्च

बर्फाचं गणित. प्यायला बरोबर लागणारा चहा बर्फ घातल्यावर पाचव्या मिनिटाला पाणीदार होतो. म्हणून अर्क दुप्पट दाट: लिटरला वीस ग्रॅम दलं, सात मिनिटं, जास्त नाही. दाट हवा तर दलं वाढवायची, वेळ वाढवायचा नाही. वेळ वाढवला की आंबटाआधी तुरट वाढतं. अर्धा ग्लास बर्फ, त्यावर अर्क. बर्फ विरघळेल तसा तो जिभेला जमेल असा होत जातो.

उरलेला अर्क ट्रेमध्ये गोठवला तर पातळ व्हायचा प्रश्नच मिटतो. संत्र्याचा रसही काढल्या काढल्या लगेच गोठवून पाहिला. लाल चहात नारिंगी खडे. पोरं यावर खूश. आठवडाभरानंतरचे खडे मात्र कडवट व्हायला लागले, तेव्हा थोडेच करायचे.

तालुक्याहून कारखान्याचा लादीचा बर्फ आणायचा नाही असं घरात सांगून ठेवलं आहे. २०१८ साली राज्यात अखाद्य बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आला तो काही उगाच नाही. बर्फ घरचा, उकळलेल्या पाण्याचा.

३० मार्च

गुढीपाडवा. गोडाचं आज मार्गी लागलं, गाठ्यांमुळे. होळीच्या आणि पाडव्याच्या मिळून साखरेच्या गाठ्यांचे हार घरात पडले होते, पोरं दोन खातात आणि सोडून देतात. तेवढ्याच पाण्यात वितळवून पाक केला, गाळून बाटलीत. गार चहात साखर विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून पाकच हवा. साखर आणि पाणी समसमान, उकळी आली की बंद, तार बघायची नाही.

गाराला गोड जास्त लागतं. गरम असताना बरोबर वाटलेलं बर्फात फिकं पडतं, कारण गार जिभेला गोडी कमी कळते. तेव्हा चव गार झाल्यावरच बघायची. आमच्या ग्लासाला दोन चमचे पाक. मामाजींना तीन, मला एक.

गूळ घालून पाहिला होता. चव बरी, रंग चिखलाचा. मध मेळघाटातला होता, छान लागला, पण तो सगळ्यांना पुरणार नाही.

१३ एप्रिल

संत्री संपली. टरबुजावर आलो. गर हाताने कुस्करून गाळला, अर्क आणि रस निम्मे निम्मे, लिंबू नाही, पुदिन्याची पानं, काळं मीठ चिमूटभर. टरबुजात गोडी असते पण आंबट नसतं, अंबाडीत नेमकं उलटं. या दोघांचं जमणारच होतं. पाक जवळजवळ लागत नाही. करायलाही सगळ्यात सोपा.

मीठ घातल्यावर तुरटपणा मागे सरतो, हे इथे कळलं. बोअरच्या पाण्यातली खारट चव मला नको होती आणि इथे चिमटीने मीठ घालतेय. फरक हाच की हे मी घालते, किती ते मी ठरवते.

१९ एप्रिल

कैरीचा. यात अंबाडी नाही. कैरी उकडून गर, गवती चहाचा काढा, पुदिना, पाक. म्हणजे पन्ह्याचाच भाऊ. हिरवट-पिवळा, सुरेख. पण अंबाडीच्या चहात कैरी मिसळू नये, आंबटावर आंबट, दात शिवशिवतात.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. घागर भरली, पूजा झाली, पानात चिंचवणी. आत्याबाईंच्या हातची चिंच-गुळाची चिंचवणी प्यायल्यावर माझ्या एवढ्या खटाटोपाकडे त्या जरा बारकाईने बघायला लागल्या. "पितराईले हे आंबट-गोड पानीच लागते उन्हाळ्यात. तू तेच करून राह्यली, फक्त बर्फ टाकून." बरोबर आहे. त्यांनी सुचवलं की सालीबरोबर एखादी वेलची ठेचून टाक. टाकली. राहणार आता.

माठात आत्याबाई वाळ्याची जुडी घालतात. तेच पाणी अर्कात मिसळून पाहिलं. मातीचा, ओल्या मुळांचा वास आणि मागे संत्र्याची साल. बर्फ न घालता, माठाच्या गारव्यावर. मला हा सगळ्यात आवडला. पोरांना नाही.

९ मे

ऊन कडक. शेतात शेणखत पसरायचं काम चालू आहे. सकाळी सातला माणसं येतात, अकराला सावली धरतात. त्यांच्यासाठी किटली भरून नेली. किटलीला ओलं पोतं गुंडाळून पिशवीत. वाऱ्याने पोतं वाळत जातं तसं आतलं गार राहतं. बर्फ शेतापर्यंत टिकत नाही, म्हणून अर्क कमी दाट आणि सब्जा भिजवून घातलेला. सब्जा पंधरा मिनिटांत फुगतो, तोंडात काहीतरी आल्यासारखं वाटतं, आणि माणूस घटाघट न पिता थांबून पितो.

बायांनी मागून घेतला. एका आजोबांनी एक घोट घेऊन परत दिला: "मले चायच दे बापा." त्यांना चहाच दिला.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना बजावली. ऊन लागलेल्या, गळाठलेल्या माणसाला हा चहा म्हणजे उपचार नव्हे. त्याला सावली, अंग ओलं करणं आणि मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. अंग तापून वाट्टेल ते बडबडायला लागला तर घरच्या घरी काही न करता सरळ दवाखाना.

१५ मे

मामाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अंबाडीचा चहा रक्तदाब थोडा उतरवतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलं. दिवसाला एक ग्लास चालेल म्हणाले, दोनचार नको. दिवस गेलेल्या बाईला तर मी देतच नाही. "हर्बल" म्हटलं की लोकांना वाटतं कितीही प्यावं. अंबाडी चहा म्हणून प्या, औषध म्हणून नको.

यात कॅफीन नाही, त्यामुळे मामाजींचं चार वाजता डोकं धरतंच. त्यांचं म्हणणं: "हे बरं हाय. पन चाय चाराले पाह्यजेच." दुपारचे दोन कप मात्र सुटले. जळजळीची गोळी किती दिवसांत मागितली नाही ते मी विचारत नाही, विचारलं की मागतील.

१८ मे

टिकण्याचं बघायला एक बाटली मुद्दाम बाहेर ठेवली होती, पाक घातलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडताना फुस्स. बारीक बुडबुडे, दारूसारखा वास. फ्रिजमधली तिसऱ्या दिवशीही ठीक होती, चौथ्या दिवशी पुदिन्याची पानं बुळबुळीत. म्हणून दोन दिवसांचा करायचा, पाला गाळून काढायचा, पाक बाटलीत मिसळून न ठेवता ग्लासात घालायचा. बाटली काचेची, उकळत्या पाण्याने विसळलेली.

२४ मे

अंजनगावला गेलो होतो, तिकडे पानमळ्यात लांब पिंपळी लावतात. दोन-तीन वाळलेल्या पिंपळ्या आणल्या. आल्याऐवजी एक ठेचून टाकली. आधी काही नाही, मग जिभेच्या टोकाला मुंग्या, मग उब. गार चहात ही उब गमतीची लागते. थंडीत गरम प्यायला ठेवून देते.

नागवेलीचं पान आणि बडीशेप घालूनही पाहिलं. जेवणावळीनंतरचा विडा. छान, पण चहा म्हणवत नाही.

१ जून

शेजारच्या बाईंना प्रमाण हवं होतं म्हणून एका जागी लिहिलं, त्यांना दिलेल्या कागदाची नक्कल इथे. पाणी नळाचं, एक लिटर. गवती चहाचे दोन देठ, बोटाच्या पेराएवढं आलं, एक वेलची, ठेचून, झाकून पाच मिनिटं मंद. गॅस बंद. वीस ग्रॅम दलं, काटा नसेल तर चहाचा कप सैल भरून दीड, आणि वाळलेल्या संत्रासालीच्या दोन पट्ट्या. सात मिनिटं झाकून. गाळायचं. कोमट झाल्यावर पुदिन्याची दहाबारा पानं, ती अर्ध्या तासाने काढून टाकायची. फ्रिज. अर्धा ग्लास बर्फ, वर अर्क, दोन चमचे पाक, असेल ते फळ: संत्रं, टरबूज, नाहीतर नुसतं लिंबू. त्यांच्याकडे फक्त बोअर आहे. त्यांना म्हटलं, चहापुरतं आमच्याकडून घेऊन जा.

९ जून

मृग लागला, पाऊस अजून नाही. जांभळं आली. गर मीठ लावून तासभर ठेवला, चोळून रस काढला आणि अर्कात मिसळला. जांभळाचा रंगही त्याच अँथोसायनिनचा, त्यामुळे अंबाडीच्या आंबटात तोही लाल झाला, काळपट जांभळा राहिला नाही. तुरट भरपूर. पाक वाढवूनही तुरटच. काळं मीठ घातल्यावर जमला. पोरांना जीभ रंगते म्हणून आवडला, मला तीन घोटांपुरता.

डब्यात दलं मूठभर उरली आहेत. ती आता कोणी मागितली तरी द्यायची नाहीत, नणंदबाई आषाढात येणार आहेत. जून बी निवडून ठेवलं होतं त्यातलं निम्मं शेजारच्या बाईंनी नेलं. यंदा आपल्याकडे तुरीच्या दोन्ही धुऱ्यांवर पेरायला ह्यांनी हो म्हटलं आहे, सोलायला कोण बसणार ते मात्र अजून ठरलेलं नाही.